मुंगूस, नाग आणि रंगाचा ब्रश

इंग्रजीतून मराठीत आलेले शब्द मोजायला बसलो तर वही पुरणार नाही. पण उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत गेलेले शब्द किती, असे विचारले तर आपण गोंधळतो. अशा थोड्या शब्दांपैकी एक आहे 'मुंगूस'. इंग्रजीतील 'मंगूस' या शब्दाचे मूळ मराठी आहे, असे इंग्रजीचे मोठे शब्दकोश सांगतात. कोकणकिनाऱ्यावर उतरलेल्या युरोपियन लोकांना हा चपळ प्राणी येथील परसात, शेतात आणि बांधावर जागोजागी दिसला. त्याचे नाव त्यांनी येथल्या लोकांकडूनच उचलले.

हा प्राणी आजही आपल्या शेजारी राहतो. बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, भांडुप, पवई, घाटकोपर या उपनगरांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो कधी ना कधी पाहिला असेल. इमारतीच्या मागच्या भिंतीजवळून करड्या रंगाची एक लांबट आकृती सरपटल्यासारखी जाते, क्षणभर थबकते, मान वर करून पाहते आणि गटाराच्या पाइपात किंवा घाणेरीच्या झुडपात नाहीशी होते. आजी म्हणते, "मुंगूस दिसले, दिवस चांगला जाणार." मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगण्याची मुलांची जुनी रीत तर महाराष्ट्रात सर्वांनाच ठाऊक आहे.

पण शुभशकुनापलीकडे या शेजाऱ्याची आपल्याला काय माहिती असते? 'साप-मुंगसाचे वैर' एवढीच. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. तरीही मुंगसाविषयी वाचू लागलो तेव्हा माझ्या विषयाचे कितीतरी धडे त्याच्या अंगाखांद्यावर सापडले. त्यांपैकी काही आज पाहू. त्याच ओघात एका गंभीर प्रश्नाकडेही वळू. त्या प्रश्नाचा संबंध तुमच्या कंपासपेटीशेजारी ठेवलेल्या रंगाच्या ब्रशाशी आहे.

हे मुंगूस कोणते?

भारतात मुंगसाच्या सहा जाती आढळतात. आपल्या उपनगरांत नेहमी दिसते ते करडे मुंगूस. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी 'हर्पेस्टिस एडवर्डसी' असे लिहीत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनंतर आशियातील मुंगसांना 'उर्वा' या वेगळ्या प्रजातीत घालण्यात आले, म्हणून आता त्याला 'उर्वा एडवर्डसी' म्हणतात. महाराष्ट्रात आणखीही जाती आहेत. लालसर अंगाच्या आणि काळ्या शेपूटटोकाच्या मुंगसाला आरक्त मुंगूस म्हणतात. चालताना ते शेपटीचे टोक वर वळवून धरते. मानेच्या बाजूला काळा पट्टा असलेले दांडगे मुंगूस सह्याद्रीच्या दाट जंगलात राहते आणि ते आशियातील सर्वांत मोठे मुंगूस आहे. आणखी एक जात म्हणजे लहान मुंगूस. ती प्रामुख्याने उत्तर भारतातील. तिची एक दुःखद परदेशवारी पुढे येणार आहे, म्हणून तिचे नाव लक्षात ठेवा.

करड्या मुंगसाचे धड साधारण ३६ ते ४५ से.मी. लांब असते आणि शेपूटही जवळजवळ तेवढेच लांब. वजन एक ते दीड किलोग्रॅमच्या आसपास. म्हणजे घरातल्या मांजराहूनही ते हलके. पुष्कळांना ते खारीचे किंवा घुशीचे नातेवाईक वाटते, पण खार आणि घूस हे कुरतडणारे प्राणी, तर मुंगूस मांसभक्षक गणातले. त्या गणातही त्याचे नाते कुत्र्यापेक्षा मांजराशी आणि तरसाशी जवळचे आहे.

मुंगूस दिवसा हिंडते. सकाळी आणि दुपार उतरल्यावर ते अन्नाच्या शोधात निघते, रात्री बिळात झोपते. बीळ स्वतः खणते किंवा दुसऱ्याचे बळकावते. मादी साधारण दोन महिन्यांच्या गर्भकाळानंतर दोन ते चार पिलांना जन्म देते आणि वर्षातून दोन-तीन वेळाही विते.

करडा रंग येतो कोठून?

मुंगसाचा करडा रंग हे डोळ्यांना झालेले एक फसवे दर्शन आहे. त्याच्या अंगावरचा एक केस उचलून भिंगाखाली धरला तर त्यावर आळीपाळीने गडद आणि फिके पट्टे दिसतात. करडा असा रंग त्यावर कोठेच नसतो. मग मुंगूस करडे का दिसते?

वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगातून पाहा. तेथे असतात केवळ काळे ठिपके आणि त्यांमधील पांढरी जागा. भिंग बाजूला केले की ठिपके एकमेकांत मिसळून करड्या छटा दिसू लागतात. याचे कारण आपल्या डोळ्याच्या मर्यादेत आहे. चांगली दृष्टी असलेल्या माणसाला एक मीटर अंतरावरून साधारण ०.३ मि.मी. अंतरावरचे दोन बिंदू जेमतेम वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळ असलेले बिंदू एकच भासतात. केसाची जाडी याहून कमी असते. म्हणून चार-पाच पावलांवरूनच हजारो केसांवरचे गडद-फिके पट्टे मिसळून जातात आणि आपल्याला सुकलेल्या गवतासारखा, मातीसारखा करडा रंग दिसतो. घारीला वरून चकवायला आणि भक्ष्याला जमिनीवर चकवायला तो उत्तम. हे पट्टे लक्षात ठेवा, पुढे त्यांचा एका तपासासाठी उपयोग होणार आहे.

अंडे फोडण्याची रीत

मुंगूस सर्वभक्षी म्हणावे इतके नानाविध खाते. टोळ, भुंगेरे, विंचू, गोम, सरडे, बेडूक, उंदीर, खेकडे, पक्ष्यांची अंडी, एवढेच काय, फळे आणि कंदमुळेही. सापाचा वाटा या थाळीत अगदी थोडा. भांडुप-घाटकोपरच्या खाडीकाठी, कांदळवनाच्या कडेला, त्याला खेकड्यांची मेजवानीच असते.

अंडे खाण्याची त्याची रीत पाहण्यासारखी आहे. लहान अंडे ते दातांनीच फोडते. पण अंडे मोठे आणि गुळगुळीत असले तर तोंडाच्या पकडीत येत नाही. मग मुंगूस एखाद्या दगडाकडे किंवा भिंतीकडे पाठ करून उभे राहते, पुढच्या पायांनी अंडे धरते आणि मागच्या पायांमधून ते जोराने मागे भिरकावते. अंडे दगडावर आपटून फुटते.

आता दगडच का, माती का नाही? सोपे गणित करू. अंड्याचे वस्तुमान ५० ग्रॅम आणि त्याचा वेग सेकंदाला ३ मीटर धरा. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. ती येते ०.२२५ जूल. अंडे थांबताना ही सारी ऊर्जा खर्च व्हायला हवी, आणि ऊर्जा म्हणजे बल गुणिले अंतर. मऊ मातीत अंडे २ से.मी. रुतून थांबले तर त्यावर सरासरी बल येईल ११ न्यूटन. दगडावर ते १ मि.मी. अंतरातच थांबले तर बल येईल २२५ न्यूटन, म्हणजे सुमारे २३ किलोग्रॅम भाराइतके! अंड्याचे कवच तीन-चार किलोग्रॅम भारालाच तडकते. म्हणून दगडावर फुटणारे अंडे भुसभुशीत मातीत सलामत राहू शकते. बसचा ड्रायव्हर हळूहळू ब्रेक लावतो आणि क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, तेव्हा हाच नियम उलट बाजूने वापरलेला असतो. मुंगसाला हे समीकरण येत नाही, पण उत्तर मात्र येते.

नागाशी झुंज

आता त्या प्रसिद्ध वैराकडे वळू. मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जंगल बुक'मध्ये रिक्की-टिक्की-टावी नावाच्या मुंगसाची गोष्ट लिहिली आणि हे वैर जगभर पोचवले. आपल्याकडे पंचतंत्रातील ब्राह्मणाच्या घरचे इमानी मुंगूस त्याच्या कितीतरी शतके आधीपासून प्रसिद्ध आहे.

गोष्टी बाजूला ठेवून झुंजीकडे पाहिले तर त्यात मुंगसाची तीन शस्त्रे दिसतात.

पहिले म्हणजे चपळपणा. फणा काढलेला नाग वरून खाली प्रहार करतो. त्याची झेप त्याने जमिनीपासून उचललेल्या शरीराच्या लांबीपुरतीच पोचते. मुंगूस नेमके त्या कक्षेच्या कडेवर नाचत राहते. ते पुढे सरसावते, नाग प्रहार करतो, मुंगूस मागे उडी घेते. असे पुनःपुन्हा घडते. साप शीतरक्ताचा प्राणी. जोराच्या हालचाली त्याचे स्नायू फार वेळ करू शकत नाहीत, ते लवकर थकतात. मुंगूस उष्णरक्ताचे, त्याचा दम टिकतो. नागाची गती मंदावली की ते त्याचे डोकेच दातांत पकडते.

दुसरे शस्त्र म्हणजे केस. चिडलेले मुंगूस अंगावरचे आणि शेपटीवरचे केस फुलवते आणि दुप्पट मोठे दिसू लागते. नागाचे विषदंत आखूड असतात. फुललेल्या दाट, राठ केसांमुळे पुष्कळदा दंश कातडीपर्यंत पोचतच नाही.

तिसरे शस्त्र सर्वांत विलक्षण आहे. ते डोळ्यांना दिसत नाही.

कुलूप बदललेले घर

तुम्ही पेन उचलता तेव्हा मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो. पण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामध्ये एक अत्यंत अरुंद फट असते. ही फट ओलांडण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते. स्नायूच्या पृष्ठभागावर त्यासाठी खास प्रथिने असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. रसायन म्हणजे किल्ली आणि ग्राहक म्हणजे कुलूप समजा. किल्ली कुलपात बसली की स्नायू आकुंचन पावतो.

नागाच्या विषातील एक महत्त्वाचा घटक या कुलपाच्या भोकात घट्ट अडकून बसतो. मग खरी किल्ली आत जाऊ शकत नाही. हुकूम सुटतो, पण स्नायूला कळत नाही. हात-पाय लुळे पडतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायू थांबतात.

मुंगसाच्या बाबतीत काय होते? इस्राएलमधील वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईजिप्तच्या मुंगसाच्या ग्राहक-प्रथिनाचा अभ्यास करून १९९२ साली याचे उत्तर प्रसिद्ध केले. त्या प्रथिनाच्या साखळीत, नेमके विष जेथे चिकटते त्या ठिकाणी, काही अमिनो आम्ले बदललेली आहेत. पुढील अभ्यासात असेही दिसले की तेथे एक शर्करेचा रेणू जोडलेला असतो आणि तो विषाच्या वाटेत आडवा येतो. छोटी किल्ली आत जाते, पण विषाचा मोठा रेणू बसू शकत नाही. गंमत अशी की स्वतः सापाच्या ग्राहकांमध्येही अशाच प्रकारचे बदल आढळतात. नाहीतर त्याचे विष त्यालाच बाधले असते. म्हणजे साप आणि मुंगूस या दोन शत्रूंनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन आपल्या घराचे कुलूप जवळजवळ एकाच पद्धतीने बदलून घेतले!

याचा अर्थ मुंगूस विषाला पूर्णपणे दाद देत नाही असा मात्र नाही. प्रत्येक सापाचे विष वेगळे असते. घोणसाचे विष मुख्यतः रक्तावर आणि ऊतींवर परिणाम करते, तेथे हे बदललेले कुलूप कामास येत नाही. शिवाय मात्रा फार मोठी झाली तर मुंगूसही मरते. म्हणून तर ते प्रहार चुकवण्याची एवढी धडपड करते.

साप चावल्यावर मुंगूस रानात जाऊन एक मुळी खाते आणि बरे होते, अशी समजूत आहे. 'ऑफिओऱ्हायझा मुंगोस' या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातही ती जाऊन बसली आहे. मुंगसाचा बचाव मुळीत नसून त्याच्या प्रथिनांत आहे, हे आता तुम्ही ओळखलेच असेल. माणसाकडे ती प्रथिने नाहीत. आपल्या उपनगरांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. साप चावलेल्या माणसाला मुळी उगाळून देण्यात एक मिनिटही न घालवता इस्पितळात न्यायला हवे. त्याला लागते ते प्रतिविष. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी कित्येक वर्षे जोडलेले आहे. घोड्याला विषाची सोसवेल अशी थोडी थोडी मात्रा टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये म्हणजे हे प्रतिविष.

परदेशी पाठवलेले मुंगूस

मुंगूस उंदीर मारते, साप मारते, मग ते जगभर का नेऊ नये? असा विचार खरोखरच केला गेला. १८७२ साली जमेका बेटावरील एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ लहान मुंगसे मागवून आपल्या उसाच्या मळ्यात सोडली. उंदरांनी ऊस फस्त करीत आणला होता. सुरुवातीला उंदीर कमी झाले आणि सर्वत्र मुंगसाचा जयजयकार झाला. शेजारच्या बेटांनी मुंगसे नेली. १८८३ साली ती पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर पोचली.

पण हिशेबात एक चूक होती. मुंगूस दिवसा हिंडते आणि त्या मळ्यांतील उंदीर बहुतांशी रात्री. शिवाय उंदीर झाडावर चढून बसत. मुंगसाला जमिनीवर घरटी करणारे पक्षी, त्यांची अंडी, सरडे हे दिवसाउजेडी आयते मिळत होते. त्या बेटांवरील प्राण्यांनी मुंगसासारखा शत्रू कधी पाहिलेलाच नव्हता. थोड्याच वर्षांत जमेकात मुंगूस हीच एक पीडा मानली जाऊ लागली.

तरीही धडा शिकायला वेळ लागला. जपानच्या अमामी बेटावर विषारी सापांचा बंदोबस्त करण्यासाठी १९७९ साली सुमारे ३० मुंगसे सोडली गेली. तो साप निघाला निशाचर. मुंगसांनी त्याला सोडून जगात अन्यत्र जवळजवळ कोठेच नसलेल्या तेथील काळ्या सशावर ताव मारला. ती मुंगसे नाहीशी करायला जपानला अनेक वर्षे हजारो सापळे लावावे लागले. अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

यात दोष मुंगसाचा नव्हता. आपल्याकडे मुंगूस, उंदीर, साप, घार आणि घुबड लाखो वर्षे एकत्र राहत आले आहेत. प्रत्येकाला दुसऱ्याच्या सवयी ठाऊक आहेत. त्या जाळ्यातील एक धागा ओढून दुसरीकडे बांधला तर तो फास होतो. त्याचप्रमाणे येथल्या जाळ्यातून तोच धागा तोडला तर भोक पडते. म्हणून मुंबईतील उंदीर मुंगसे संपवतील असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग रोखायचा तर कचरा उचलणे हाच मुख्य उपाय. मुंगूस आपल्या वाट्याचे काम करते, आपल्या वाट्याचे काम आपणच करायचे.

ब्रशाचे शास्त्र

आता त्या गंभीर प्रश्नाकडे येऊ. रंगकामाचा एखादा ब्रश घ्या. कोरड्या ब्रशाचे केस विसकटलेले असतात. तो पाण्यात बुडवून बाहेर काढला की केस एकत्र येऊन टोकदार होतात. का? "ओले झाल्यामुळे," असे तुम्ही म्हणाल. मग ब्रश पाण्याच्या ग्लासात बुडवलेलाच ठेवून बाजूने नीट पाहा. पाण्याच्या आत ते केस पुन्हा सुटे झालेले दिसतील, आणि तेथे तर ते पूर्ण ओले आहेत!

खरे कारण आहे पृष्ठताण. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि आपले क्षेत्रफळ कमीत कमी करू पाहतो. ब्रश बाहेर काढला की त्यावरील पाण्याचा पडदा आकसतो आणि केसांना एकत्र ओढतो. पाण्याच्या आत असा पृष्ठभागच नसतो, म्हणून तेथे ओढणारे कोणी नसते. शिवाय केसांमधील अरुंद फटी केशनळ्यांसारख्या रंग धरून ठेवतात. केसाचे टोक निमुळते असेल तर रेघ बारीक येते. केस लवचीक असेल तर दाबल्यावर पुन्हा सरळ होतो. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यांमुळेही रंग धरला जातो.

मुंगसाचे केस राठ, निमुळते आणि लवचीक. चित्रकाराला हवे तेच गुण त्यांत आहेत आणि हेच त्याचे दुर्दैव. ब्रशासाठी मुंगसे मारली जातात. मेंढीची लोकर कातरावी तसे हे केस कातरून घेता येत नाहीत. मुंगूसपालन असा काही धंदाही नाही. मुंगसाच्या केसांचा ब्रश म्हणजे फासात किंवा जाळ्यात धरून मारलेली रानातील मुंगसे.

किती? एका मुंगसापासून साधारण ४० ग्रॅम केस मिळतात आणि त्यांतील सुमारे २० ग्रॅमच ब्रशाच्या उपयोगाचे असतात, असा वन्यजीव-रक्षणाचे काम करणाऱ्यांचा अंदाज आहे. म्हणजे निवडक केसांच्या एका किलोग्रॅमसाठी ५० मुंगसे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्र सरकारच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे घातले. त्यांत ५४,३५२ ब्रश आणि ११३ कि.ग्रॅ. सुटे केस सापडले. ते केस न निवडलेले मानले तर ११३००० भागिले ४०, म्हणजे २,८२५ मुंगसे. निवडलेले मानले तर ११३००० भागिले २०, म्हणजे ५,६५० मुंगसे. खरी संख्या या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असणार. आणि यात त्या चोपन्न हजार ब्रशांचे केस धरलेलेच नाहीत.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण दिले आहे. त्याला मारणे, पकडणे, पाळणे, त्याचे केस किंवा त्यांचा ब्रश विकणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. गारुड्याने रस्त्यावर लावलेली साप-मुंगसाची झुंजही त्यात आलीच. आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या तिसऱ्या परिशिष्टातही भारताने हे मुंगूस नोंदवले आहे.

कोणी विचारील, मुंगूस तर संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत 'किमान चिंता' या वर्गात आहे, मग एवढी काळजी कशाला? त्याला उत्तर म्हणून गिधाडे आठवा. १९८० च्या सुमारास भारतात गिधाडे इतकी होती की कोणी त्यांची मोजदाद करण्याची गरज मानली नाही. मग जनावरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांतच त्यांच्या मुख्य जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण गिधाडे परत आली नाहीत. एखादा प्राणी आज सर्वत्र दिसतो म्हणून तो उद्याही दिसेल असे नव्हे.

उपनगरातील जागा

आपल्या उपनगरांत मुंगसाला आसरा आहे तो अशा ठिकाणी: सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, त्याला लागून असलेली १९४९ साली स्थापन झालेली आरे दूध वसाहत, पवई तलावाचा परिसर आणि ठाणे खाडीची कांदळवने. आरेमधील आठशेहून अधिक एकर जागा २०२०-२१ मध्ये राखीव वन म्हणून घोषित झाली, हे चांगलेच झाले. पण मुंगूस केवळ वनात राहत नाही. जुन्या सोसायटीमागचे झुडूप, रेल्वेमार्गाच्या कडेचे गवत, शाळेच्या मैदानाचा न झाडलेला कोपरा, हीही त्याची घरे आहेत. ही घरे एकेक करून फरशीखाली जात आहेत. भिंती उंच आणि सलग होत आहेत. मुंगसाला एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्यात जायचे तर रस्ता ओलांडावा लागतो आणि मोटारीच्या चाकाखाली त्याचा चपळपणा कामी येत नाही.

तुम्ही काय कराल?

पहिली गोष्ट, ब्रश तपासा. भिंगाखाली एकेक केस पाहा. एकाच केसावर गडद, फिका, पुन्हा गडद असे पट्टे दिसले तर तो मुंगसाच्या केसांचा असण्याचा संभव आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा रंग बहुधा एकसारखा असतो. मात्र काही कारखानदार कृत्रिम धाग्यांनाही रंगवतात, त्यामुळे शंका आली तर शिक्षकांना दाखवा. निमुळत्या टोकाचे कृत्रिम धागे आता चांगले मिळतात. दुकानात ब्रश मागताना "कृत्रिम धाग्याचा द्या" असे स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक विचारू लागले की दुकानदारही पुरवठा करणाऱ्याला विचारू लागतो.

दुसरी गोष्ट, सोसायटीची नवी भिंत बांधली जात असेल तर तळाशी वीतभर रुंदीची एखादी फट ठेवण्याविषयी मोठ्यांशी बोला. बागेचा एक कोपरा न कापता ठेवा. मुंगसाला खायला मात्र घालू नका. ते आपले अन्न शोधण्यास समर्थ आहे. पिलू दिसले तर उचलू नका, आई जवळपासच असते.

तिसरी गोष्ट, नोंद ठेवा. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाचा पायाही हौशी माणसांच्या अशाच नोंदींनी घातला. एका वहीत चार रकाने आखा: तारीख आणि वेळ, जागा, किती मुंगसे, काय करीत होती. न दिसलेल्या दिवसाचीही नोंद करा, कारण शून्य हाही एक आकडा आहे. वर्षभराने वेळेच्या रकान्यावरून आलेख काढा. सकाळी किती वेळा दिसले, भर दुपारी किती, पावसाळ्यात किती? मग तीच वही पुढच्या इयत्तेतील मुलांकडे द्या. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की तुमच्या शाळेच्या परिसरात मुंगसे वाढत आहेत की कमी होत आहेत, हे सांगणारी वही तुमच्या शाळेत असेल. आणि तुमच्या गल्लीपुरते ते दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसेल.